लेलंड थॅक्स्टरचं पाणी

लेलंड थॅक्स्टरबद्दल वर्तमानपत्रात जे छापून आलं त्यातलं निम्मं मला पटत नाही आणि उरलेलं निम्मं समजत नाही. बारा वर्षं मी त्याच्या होडीवर खलाशी होते. तो सुकाणूपाशी, मी मागं. तो पिंजरा वर ओढायचा. मी शेवंडी काढून मोजपट्टी लावायचे, आमिषाची थैली बदलायचे, पिंजरा परत पाण्यात ढकलायचे. दिवसाला दोनशे पिंजरे. इतकी वर्षं ज्याची पाठ पाहिली त्या माणसाबद्दल मला काहीतरी ठामपणे सांगता यायला हवं, पण येत नाही. तोंडावर मी त्याला कप्तान म्हणायचे, तुम्ही म्हणायचे. मनात तो. इथंही तोच ठेवते.

गॅनेट बेटावर अडतीस घरं, एक दुकान, एक धक्का. लेलंड आठवीपर्यंत शिकला, कारण शाळाच आठवीपर्यंत होती. पुढच्याच वर्षी बाप बुडाला आणि पाणी त्याच्याकडे आलं. पाणी म्हणजे शॅग खडकापासून घंटेच्या तरंगत्या बोयापर्यंतचा समुद्राचा तुकडा, जिथं थॅक्स्टरांशिवाय कुणी पिंजरा टाकत नाही. हे कुठल्याही सरकारी कागदावर लिहिलेलं नाही. सरकार म्हणतं, परवाना असेल त्यानं कुठंही पिंजरे टाकावेत. सरकारनं एकदा येऊन टाकून बघावेत.

वाचायचं वेड त्याला हिवाळ्यांनी लावलं. मिशनची बोट महिन्यातून एकदा पुस्तकांची खोकी आणायची आणि एका वर्षी तिनं एक जुना ज्ञानकोश आणला, पण अर्धाच. इंग्रजी मुळाक्षरांतल्या एमपर्यंतचे खंड आले, पुढचे कुठं गेले देव जाणे. लेलंडनं ते सगळे वाचले, एकदा नाही, तीनदा. त्यामुळे ग्रीसबद्दल तो तासभर बोलायचा आणि रोमचा विषय निघाला की गप्प. गंमत म्हणजे फिलॉसफी हा शब्द पीमध्ये येतो, तेव्हा तत्त्वज्ञान म्हणजे काय हे या तत्त्वज्ञ माणसानं कधी वाचलेलंच नाही. मी एकदा त्याला हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "बरं झालं. वाचलं असतं तर करायला घाबरलो असतो."

विचार लिहायचा तो भरती-ओहोटीच्या कोष्टकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, पेन्सिलीनं. रविवारी आमच्याकडे कुणी पिंजरे ओढत नाही. दुपारी तो छोटी वल्ह्याची होडी घेऊन एकटाच पाण्यावर जायचा आणि लिहून यायचा. त्याचं सगळं म्हणणं मुळात एकच होतं. माणूस एका आयुष्यात फार थोडं शिकतो, आणि तेही उशिरा. आधीच्या लोकांनी चुका करून, बुडून, उपाशी राहून जे गाळून ठेवलं त्याला रिवाज म्हणतात. तो मोडायचा हक्क त्यालाच, ज्याला तो का पडला हे सांगता येतं. आणि ज्याला ते सांगता येतं, तो शक्यतो मोडत नाही.

उदाहरण कायम तेच. अंड्यांनी लगडलेली मादी पिंजऱ्यात आली की तिच्या शेपटीच्या पाकळीला छोटी खाच पाडायची आणि तिला सोडून द्यायचं. पुढं कधीही, कुणाच्याही पिंजऱ्यात, अंडी नसतानासुद्धा, खाच दिसली की तिला हात लावायचा नाही. हे कायद्यात नंतर आलं, धक्क्यावर त्याच्या कितीतरी आधी होतं. "बघ व्हर्ना," तो म्हणायचा, "आसपास कुणी बघत नाहीये. दोन पौंडांची बाई आहे. तू का सोडतेस?"

"तुम्ही ओरडाल म्हणून."

"मी मेल्यावर?"

"तेव्हा बघू."

तो हसायचा. माझं उत्तर त्याला पसंत नसायचं, पण कोष्टकाच्या मागं तेही लिहून ठेवायचा.

मग एका उन्हाळ्यात बेटावर राहायला आलेल्या एका प्राध्यापकानं ती कोष्टकं पाहिली, टंकून घेतली आणि एक पातळ पुस्तक निघालं. लेलंडला पत्रं येऊ लागली. राजधानीतल्या कुठल्याशा पुढाऱ्याचा माणूस चकचकीत बूट घालून आला. त्याला भाषणासाठी दोन वाक्यं हवी होती. लेलंड त्याला पाण्यावर घेऊन गेला आणि त्या माणसानं घंटेच्या बोयापाशी पोटातलं सगळं बाहेर काढलं. वाक्यं काही मिळाली नाहीत. धक्क्यावरच्या लोकांनी लेलंडचं नाव "तत्त्वज्ञ" ठेवलं. "तत्त्वज्ञ, आमिषाचं पिंप इकडं सरकवा जरा." पण चेष्टा तेवढ्यापुरतीच. कोणाचं पाणी कुठं संपतं, कोण कुणाच्या हद्दीत शिरलं, असल्या गोष्टीत लेलंड मान हलवायचा तसं व्हायचं.

आता माझं. मी व्हर्ना पिंकहॅम. वीस मैलांवरच्या बंदरातून लग्न करून इथं आले. नवरा सात वर्षांनी फ्लोरिडाला गेला, तो तिकडचाच झाला. मी राहिले. एकोणीस वर्षं झाली तरी बेटावर मी परकीच. लोक वाईट नाहीत. माझं छप्पर उडालं तेव्हा चार जण शिड्या घेऊन आले. पण परकी ती परकी. खलाशी म्हणून ठीक, पाणी मात्र मिळायचं नाही. पाणी बापाकडून मुलाकडे जातं आणि मुलगा नसेल तर कसं जातं ते कुणी मला कधी सांगितलं नव्हतं.

त्या साली मी सेहेचाळीस वर्षांची झाले आणि कुणाच्या तरी पाठीकडे बघत म्हातारं व्हायचा मला कंटाळा आला. मी एक जुनी होडी घेतली, बावीस फुटी. परवाना काढला. दहा पिंजरे बांधले, त्यांच्या खुणेचे बोये निळे रंगवून वर पांढरा पट्टा ओढला. जूनच्या शेवटी एका सकाळी, होडीवर कॉफी ओतताना, मी म्हटलं, "कप्तान, मी दहा पिंजरे टाकतेय. शॅग खडकाच्या मागं. तुम्ही तिथं कधीच टाकत नाही."

"हं," तो म्हणाला.

"हं म्हणजे?"

"कॉफी कमी ओत. हलतंय."

एवढंच. ना हो, ना नाही. मी दहा पिंजरे टाकले. आठवडाभर संध्याकाळी त्याचं काम संपलं की माझे पिंजरे ओढायचे. पहिल्या खेपेला एकोणीस शेवंडी आल्या आणि मी होडीत एकटीच मोठ्यानं हसले. लाज वाटली, पण हसले.

तिसऱ्या सोमवारी माझ्या पहिल्या बोयाच्या दांडीला दोराच्या दोन अर्ध्या गाठी होत्या. मग दुसऱ्याला. दहाही बोयांना. त्याचा अर्थ आमच्याकडे लहान पोरांनाही कळतो: तुला पाहिलंय, उचल आणि नीघ. नाही उचललं तर पुढच्या वेळी दोर कापलेला असतो आणि पिंजरा कायमचा तळाशी.

पण मी हादरले ते त्यामुळे नाही. गाठी उलट्या होत्या. लेलंडनं उजव्या हाताचा अंगठा कित्येक वर्षांपूर्वी दोर ओढायच्या चाकीत घालवला, तेव्हापासून तो गाठ डावीकडून मारतो. अशी गाठ बेटावर दुसऱ्या कुणाची नाही. बारा वर्षं मी त्या गाठी सोडत आले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या होडीवर गेले तेव्हा तो नेहमीसारखाच. बहिणीनं दिलेल्या पावातला अर्धा त्यानं मला दिला. तो असं वागल्यावर मी काय करायचं? मी म्हटलं, "कप्तान, माझ्या बोयांवर काहीतरी दिसलं मला."

"दक्षिणेचा वारा आहे," तो म्हणाला. "दुपारपर्यंत वाढेल."

मी गाठी सोडल्या आणि पिंजरे तिथंच ठेवले. अडेलपणा म्हणा, नाहीतर मला उचलायचंच नव्हतं म्हणा. पुढच्या सोमवारी परत गाठी. दोर शाबूत. त्याच्या पुढच्या सोमवारीही तसंच. रविवारी तो वल्ह्याची होडी घेऊन जायचा, विचार करायला म्हणून, आणि जाता जाता माझ्या दहा बोयांना दहा इशारे बांधून यायचा. मंगळवारी माझ्याशेजारी उभा राहून, शहाण्या माणसांनी जगाचं किती वाटोळं केलं ते सांगायचा. मी त्याचं तोंड न्याहाळायचे. काही सापडायचं नाही. कापायचंय तर कापत का नाही? नाही कापायचं तर गाठ कशाला? मला झोपेतसुद्धा गाठी दिसायला लागल्या. मी आयुष्यात एवढी गोंधळलेली कधी नव्हते, नवरा गेला तेव्हासुद्धा नाही. तो का गेला ते मला निदान माहीत होतं.

डेल्मर, त्याचा पुतण्या, धक्क्यावर भेटायचा. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, कामाला वाघ. लेलंडला मूलबाळ नाही, त्यामुळे ते पाणी आज ना उद्या आपलंच हे डेल्मरनं वीस वर्षं धरून ठेवलेलं. "काय कप्तानीणबाई," तो म्हणायचा, "आज किती? बारा? बेटावर आणखी एक फ्रिज लागणार वाटतं." पण माझ्या पिंजऱ्यांना त्यानं हात लावला नव्हता. कुणीच लावला नव्हता. हेही मला नवलच वाटायचं, पण त्याचा विचार मी केला नाही. डोक्यात जागाच नव्हती.

आठव्या सोमवारनंतरच्या मंगळवारी, सप्टेंबरात, माझा संयम सुटला. सकाळचे सहा वाजले होते, आमिषाच्या शेडपाशी आठदहा जण पिंपातून खारवलेला मासा उपसत होते. लेलंड हातमोजे चढवत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"कप्तान, आठ आठवडे झाले. माझे पिंजरे कापायचे असतील तर कापा. नाहीतर माझ्या बोयांना गाठी मारणं बंद करा."

फावडी थांबली. डेल्मरनं हातातली बादली सावकाश खाली ठेवली. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. सगळे लेलंडकडे पाहत होते. त्याचं तोंड मी तसं कधी पाहिलं नव्हतं. कुणी भर धक्क्यावर त्याचे कपडे ओढले असावेत तसा तो दिसत होता.

"बोलली ती," डेल्मर म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं, उलट जरा दबकाच होता. "काका, ती धक्क्यावर बोलली. आता रविवारपर्यंत."

"माहीत आहे मला," लेलंड म्हणाला. मग मला म्हणाला, "चल, भरती निघून जाईल."

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले नाही, त्याची बहीण आयडेला माझ्याकडे आली. पंच्याहत्तरीची, काठीसारखी ताठ. ती दारातच म्हणाली, "बये, तुझ्या माहेरच्या बंदरात काय करतात मला माहीत नाही. इथं गाठीबद्दल जमिनीवर बोलत नाहीत."

"का?"

"का काय? बोलत नाहीत. गाठ पाण्यावरची गोष्ट. ज्यानं मारली तो आणि ज्याला मारली तो, दोघांतली. बाकीचे दूर राहतात. ज्याची गाठ त्यानं निकाल लावायचा, तोवर दुसऱ्या कुणी त्या पिंजऱ्याला बोट लावायचं नाही." ती थांबली. "डेल्मर जूनमध्येच तुझे दहाही कापणार होता. दुकानात बोललाही होता. मग लेलंडच्या गाठी दिसल्या आणि त्याला हात बांधून बसावं लागलं."

मी खुर्चीत बसले. ती उभीच राहिली.

"म्हणजे त्यांनी मला वाचवलं?"

"ते मला काय विचारतेस? त्यानं मला सांगितलं नाही. तो कुणाला सांगतो?" तिनं ॲप्रनच्या खिशातून कोष्टकाची पानं काढली आणि टेबलावर टाकली. "मी हे आणायला नको होतं. वाच."

आठ रविवारांच्या तारखा होत्या. प्रत्येकीपुढं त्याच्या बारीक अक्षरात जवळजवळ तेच, व्ही. म्हणजे मी. व्ही. अजून पाण्यात. रिवाज म्हणतो नाही. कारण शोधलं, सापडलं नाही. बघू. पुढच्या रविवारी: व्ही. अजून पाण्यात. बघू. शेवटच्या तीन रविवारी नुसतंच: बघू.

ज्या माणसाच्या पुस्तकात सगळ्या गोष्टींची उत्तरं होती, तो आठ रविवार वल्ही मारत माझ्या बोयांपर्यंत जाऊन "बघू" एवढंच लिहून येत होता.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता तू ते धक्क्यावर आणलंस. रविवारपर्यंत त्यानं कापायला हवं. नाहीतर स्वतः गाठ सोडायला हवी. आणि जो स्वतःची गाठ सोडतो त्याच्या गाठीला पुढं कोण विचारतं? त्याच्या पाण्यात कुणीही शिरावं." ती दाराकडे वळली. "न बोलता चाललं होतं तर वर्षानुवर्षं चाललं असतं. लोकांना सवय झाली असती. तुलाच दम नव्हता."

तिचं बरोबर होतं आणि मला तिचा राग आला. मला कुणी हे सांगितलं असतं तर? पण सांगायचंच नाही, हाच तर तो रिवाज.

बुधवारी मी त्याला म्हटलं, "मी माझे पिंजरे उचलते. आजच."

"ते आता तुझ्या हातात नाही," तो म्हणाला. "बोललं गेलंय. तू उचललेस तर लोक म्हणतील लेलंडनं पोकळ गाठ मारली."

"म्हणू देत."

"नाही."

गुरुवारी पहाटे आम्ही निघालो. पहिला पिंजरा वर आला, मी रिकामा केला, आमिष भरायला थैली घेतली. त्यानं मान हलवली. "परत टाकायचा नाही. मागं रच."

मला वाटलं जागा बदलायची असेल. हिवाळ्याआधी आम्ही खोल पाण्यात जातोच. पंधरा पिंजरे रचले, तीस रचले. चाळीस झाल्यावर होडी धक्क्याकडे वळली. धक्क्यावर ते उतरवले आणि आम्ही परत गेलो. दुसऱ्या खेपेला मी म्हटलं, "खोलवर टाकायचे असतील तर धक्क्यावर कशाला?"

त्यानं पुढचा दोर चाकीत घातला. तिसऱ्या खेपेला आम्ही शॅग खडकाशी होतो आणि तो त्याच्या बापाच्या वेळच्या जागेवरचे पिंजरे ओढत होता, जे तो कधीही, कोणत्याही ऋतूत हलवत नसे. तेव्हा मला कळलं, तो कायमचंच उचलतोय. मी दोराच्या चाकीचा खटका बंद केला.

"कप्तान, हे करू नका."

"खटका सोड."

"एक वाक्य बोला ना धक्क्यावर. 'राहू दे तिला.' सगळे ऐकतात तुमचं. डेल्मरसुद्धा ऐकेल. एक वाक्य."

"खटका सोड, व्हर्ना. अजून तीनशे आहेत."

मी रडत होते आणि रडत रडत पिंजरे रचत होते, कारण बारा वर्षं तो म्हणेल ते करायची हाताला सवय झाली होती. शनिवारी दुपारी शेवटची खेप उतरली. धक्क्यावर चारशे पिंजरे, पिवळे बोये, काळा पट्टा. सगळं बेट जमलं होतं. कुणी बोलवलं नव्हतं. डेल्मर पुढं आला. त्यानं टोपी काढली होती. त्याला वाटलं ही वेळ त्याचीच आहे, आणि मला त्याची कीव आली.

"काका, एवढं कशाला केलंत? पण ठीक आहे. मी सांभाळीन."

"पाणी सोडलं मी," लेलंड म्हणाला. "मुलगा नाही. मुलगा नसला तर पाणी त्याचं, जो शेवटी होडीच्या मागं उभा होता. माझ्या लहानपणी ॲम्ब्रोजचं पाणी असंच गेलं. माझ्या आज्याच्या भावाचं असंच गेलं."

डेल्मरला समजायला वेळ लागला. "त्यांचे खलाशी पुरुष होते."

"हो."

"काका, ती बाई आहे. वर परकी."

"मी आठ आठवडे शोधलं, डेल्मर. तुझ्या आजोबांनी मला जे जे सांगितलं ते सगळं आठवून पाहिलं. 'खलाशी' एवढंच म्हणाले होते. खलाशी कोण असावा याबद्दल कुणीच काही बोललेलं मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर सांग, मी चारशेच्या चारशे परत टाकतो."

डेल्मरनं जमलेल्या म्हाताऱ्यांकडे एकेक करून पाहिलं. मग त्यानं टोपी घातली आणि तो घरी गेला. वीस वर्षांची आशा गेली तरी त्यानं रिवाजाला शिवी दिली नाही. लेलंडनं त्याला फार चांगलं शिकवलं होतं.

मला पाणी मिळालं. शॅग खडकापासून घंटेच्या बोयापर्यंत. दहा पिंजऱ्यांची जागा मागायला गेले होते मी.

रविवारी मी त्याच्या स्वयंपाकघरात गेले. तो टेबलाशी बसला होता, समोर कोष्टक होतं, पेन्सिल नव्हती. आयडेलानं माझ्यापुढं बीनची वाटी ठेवली आणि ती बाहेर गेली.

"मला हे नको होतं," मी म्हटलं. "असं नको होतं. तुम्हाला एक वाक्य बोलायला काय झालं होतं? माझ्यासाठी तुम्हाला एक वाक्य बोलता येईना आणि सगळा समुद्र सोडता आला? हा कुठला हिशेब?"

तो विचार करत होता. मी सांगते, तो नाटक करत नव्हता, खरंच विचार करत होता.

"बोललो असतो तर ती माझी मेहेरबानी झाली असती," तो म्हणाला. "मी असेतोवर तू पाण्यात राहिली असतीस. मला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तुझे दोर कापले असते, आणि त्यांचं चुकलं असं मी थडग्यातूनही म्हणू शकलो नसतो. आता कापता येणार नाहीत. आता तुझं आहे. मी दिलेलं नाही, तसंच ठरलेलं होतं."

"आणि गाठी? त्या माझ्यासाठी होत्या की माझ्याविरुद्ध?"

"मला माहीत नाही, व्हर्ना."

"असं कसं माहीत नाही? हात तुमचे होते."

"पहिल्या रविवारी मी सुरी घेऊन गेलो होतो," तो म्हणाला. "कापायला. जमलं नाही. मग गाठी मारल्या. सोडूनही येता येईना, कापूनही येता येईना. पुढच्या रविवारी परत तेच. तुला वाचवत होतो म्हणालो तर बरं दिसेल. पण ते खोटं असेल."

मी बीन खाल्ले नाहीत. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. तिथून धक्का दिसतो आणि धक्क्यावर त्याची होडी दिसत होती, धुतलेली, रिकामी. तो एकाहत्तर वर्षांचा होता आणि चौदाव्या वर्षापासून पहाटे चारला उठत आला होता.

"उद्या सकाळी उठून काय करायचं, ते कळत नाही मला," तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात, मीठ संपलंय म्हणावं तसं.

"माझ्याबरोबर या," मी म्हटलं. "दोघं जाऊ. मला तळाची काहीच माहिती नाही. मागं उभं राहून तळ दिसत नाही."

त्याचा चेहरा क्षणभर उजळला, हे मी पाहिलं. मग तो परत विचारात पडला. "खलाशी म्हणून?"

"काहीही म्हणून."

"आपल्याच खलाशाचा खलाशी झालेला कप्तान मी पाहिला नाही. ऐकलाही नाही."

"मग तुम्ही पहिले व्हा."

"ते काम माझं नाही," तो म्हणाला. "मला येत नाही ते. तुला येतं."

मी दार आपटून निघाले. खरं सांगायचं तर मला त्याला दोन्ही खांदे धरून हलवायचं होतं, आणि मग त्याच्या पायाशी बसायचं होतं.

सोमवारी मी एकटी त्याच्या पाण्यात गेले, माझे निळे बोये घेऊन. घंटेच्या बोयापाशी धुकं आलं. असं आलं की होडीचं टोकही दिसेना. मी इंजिन मंद केलं. घंटा ऐकू येत होती, पण डावीकडून की उजवीकडून ते समजत नव्हतं. जवळ कुठंतरी खडक होता आणि तो नेमका कुठं हे माहीत असलेला बेटावर एकच माणूस होता.

रेडिओ खरखरला. बेटावर प्रत्येक होडीत आणि प्रत्येक स्वयंपाकघरात रेडिओ चालू असतो. डेल्मरही ऐकत असणार, सगळेच ऐकत असणार.

"व्हर्ना," लेलंडचा आवाज आला. "काय दिसतंय?"

"काहीच नाही, कप्तान."

मागं आयडेलाच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"मलाही नाही," तो म्हणाला. "इंजिन बंद कर. थांब थोडी. मी आहे इथं."

मी इंजिन बंद केलं आणि थांबले.